दूरच्या संगणकांची किल्ली लॅपटॉपमध्ये ठेवावी की स्मार्टकार्डात?

तापीकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मिळून चौदा ठिकाणचे संगणक आम्ही तिघे सांभाळतो. त्यांत पतसंस्थांच्या आठ शाखा, दोन जिनिंग, रावेर-सावदा पट्ट्यातली केळी पिकवण्याची तीन शीतगृहे आणि शहाद्याकडचे एक कृषी सेवा केंद्र आहे. प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जायचे ठरवले तर आठवडा रस्त्यावरच संपेल, त्यामुळे सर्व्हर अद्ययावत करणे, बॅकअप तपासणे, बंद पडलेली सेवा सुरू करणे ही कामे आम्ही जळगावातून एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात कूटबद्ध वाटेने शिरण्याच्या पद्धतीने, करतो. पासवर्ड वापरणे आम्ही चार वर्षांपूर्वीच सोडले होते आणि किल्लीची जोडी (आपल्याकडे खासगी किल्ली, सर्व्हरवर सार्वजनिक किल्ली) वापरत होतो, म्हणून आपण सुरक्षित आहोत अशी आमची समजूत होती.

गेल्या महिन्यात आमच्या एका सहकाऱ्याची लॅपटॉपची बॅग प्रवासात चोरीला गेली. डिस्क कूटबद्ध केलेली नव्हती, आणि खासगी किल्लीच्या फाइलला सांकेतिक वाक्यही लावलेले नव्हते, कारण रात्री-अपरात्री फोन आल्यावर ते टाइप करणे त्रासाचे वाटे. रात्री साडेनऊला आम्हाला कळले. तेव्हापासून आम्ही दोघांनी एकेका यंत्रात शिरून त्या सहकाऱ्याची सार्वजनिक किल्ली काढून टाकायला सुरुवात केली आणि तासाभरात अकरा यंत्रे झाली. उरलेल्या तीन ठिकाणी वीज नव्हती, बॅटरीही उतरली होती, त्यामुळे यंत्रे बंद होती. बंद यंत्रात चोर शिरू शकत नाही हे खरे, पण वीज येईल ती आमच्यासाठी आणि त्याच्यासाठी एकाच क्षणी येणार होती. पारोळ्याच्या शाखेतल्या रखवालदार आप्पांना मी सांगून ठेवले होते. पहाटे पावणेपाचला त्यांचा फोन आला, "दादा, लाल दिवा पेटेल शे," आणि मी त्याच मिनिटाला आत शिरून त्या किल्लीची ओळ पुसली. ती रात्र मी विसरू शकत नाही.

एसएसएचचा जन्मच अशा चोरीतून झाला आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी तारेवरून जाणारे पासवर्ड टिपले, कारण टेलनेट या जुन्या पद्धतीत सगळे उघड्या अक्षरांत जात असे, आणि त्यानंतर तातू युलोनेन यांनी हा प्रोटोकॉल लिहिला. तारेवरची चोरी त्याने थांबवली. किल्ली ज्या फाइलमध्ये राहते त्या फाइलची चोरी मात्र तो थांबवू शकत नाही. फाइलची नक्कल एका सेकंदात होते आणि मूळ फाइल जागेवरच राहत असल्यामुळे चोरी झाल्याचे कळतही नाही. आमची बॅग गेली म्हणून आम्हाला समजले तरी. एखाद्या घातक प्रोग्रॅमने तीच फाइल गुपचूप उचलली असती, तर आजही आम्ही निवांत बसलो असतो.

म्हणून खासगी किल्ली स्मार्टकार्डात किंवा यूएसबी टोकनमध्ये ठेवायचे आम्ही ठरवले आहे. यात किल्ली चिपच्या आतच तयार होते आणि बाहेर काढण्याची आज्ञाच त्या चिपला ठाऊक नसते. सर्व्हरला पटवायचे असते तेव्हा लॅपटॉप मजकूर चिपकडे पाठवतो, आपण पिन देतो, चिप आतल्या आत सही करते आणि फक्त सही बाहेर येते. सही ताडून पाहायला सर्व्हरकडे सार्वजनिक किल्ली असतेच.

कोणत्या प्रकारचे कार्ड घ्यावे, हरवल्यास काय करावे आणि विंडोज यंत्रांचे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

बोरीकाठ, अमळनेर

तापीकाठ भाऊ, आपण मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. मी एका पतसंस्थेचे संगणक पाहतो. आमच्याकडे सचिवांच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल आधीपासून आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे तेही आत स्मार्टकार्डाची चिप असलेले यूएसबी टोकनच आहे. मग नवीन खर्च करण्याऐवजी त्याच डोंगलने एसएसएच का करू नये? तालुक्याच्या गावी प्रत्येक कार्यालयात असे एक तरी डोंगल सापडतेच.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा

बोरीकाठ दादा, आपला प्रश्न अनेकांच्या मनात असणार, म्हणून सविस्तर लिहिते. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. त्या डोंगलसोबत पीकेसीएस-११ या, टोकनशी बोलण्याच्या मानकाची एक लायब्ररी (प्रोग्रॅमची फाइल) मिळते आणि एसएसएचच्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमला २०१० मधल्या ५.४ या आवृत्तीपासून अशी लायब्ररी वापरता येते. 'एसएसएच-कीजेन -डी' या आज्ञेपुढे लायब्ररीचा पत्ता दिला की आतली सार्वजनिक किल्ली पडद्यावर दिसते, ती सर्व्हरवर ठेवली की झाले. मी स्वतः प्रयोग म्हणून हे करून पाहिले आहे. तरीही करू नका असाच माझा आग्रह आहे.

डिजिटल स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला मुदत असते, ते रद्दही करता येते, त्यामुळे मुदत संपली की दरवाजाही बंद होईल असे आपल्याला वाटते. ओपनएसएसएच त्या प्रमाणपत्रातून केवळ सार्वजनिक किल्ली उचलते. मुदत, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव, रद्द झालेल्यांची यादी यांपैकी काहीही ती पाहत नाही. म्हणजे सचिव बदलले, प्रमाणपत्र रद्द झाले, सगळ्या कागदांवर नोंद झाली, तरी जुने डोंगल ज्याच्या खणात पडले असेल तो सर्व्हर उघडू शकेल. उलट नूतनीकरणाच्या वेळी डोंगल पुसून नवी किल्ली बनवली गेली, तर ज्याला प्रवेश हवा तोच बाहेर राहील.

त्याहून मोठी अडचण आपल्या सवयीची आहे. डोंगल ज्याच्या नावाचे असते त्याच्याकडे ते क्वचितच असते. ते कर सल्लागाराच्या कपाटात रबर लावलेल्या गठ्ठ्यात असते, किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकचालकाच्या ड्रॉवरमध्ये असते, आणि पिन त्याच डोंगलवर चिकटपट्टीने लावलेला असतो. ग्रामपंचायतींच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून पैसे वितरित करताना ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच अशा दोघांच्या सह्या लागतात, त्या एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावे म्हणून. दोन्ही डोंगले एकाच माणसाच्या हाती असतील तर ती रचना कागदावरच राहते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणे, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवणे हे त्या किल्लीच्या धन्याचे कर्तव्य आहे. ज्या डोंगलने करारावर सही होते तेच डोंगल सर्व्हरचा दरवाजाही उघडू लागले, तर कर सल्लागाराच्या कार्यालयातल्या नव्या मुलालाही आपण नकळत प्रशासक करून ठेवतो.

म्हणून प्रशासनासाठी वेगळे टोकन घ्यावे. बाजारात दोन प्रकार प्रामुख्याने दिसतील. पहिला पिव्ह या अमेरिकी सरकारी मानकाचा. २००५ च्या फिप्स २०१ मधून आलेल्या या मानकात ओळख पटवणे, सही, उलगडा अशा वेगवेगळ्या कामांसाठी किल्लीचे वेगवेगळे कप्पे असतात, आणि एसएसएचसाठी ९ए हा कप्पा वापरतात. दुसरा फिडो या पासवर्डविना ओळख पटवण्याच्या मानकाचा, ज्याला ओपनएसएसएचने फेब्रुवारी २०२० मध्ये ८.२ आवृत्तीपासून आधार दिला. फिडो मांडायला सोपा आहे, दर वेळी टोकनला बोट लावावे लागते, आणि मला तो अधिक आवडतो. मात्र सर्व्हर आणि लॅपटॉप दोन्हींकडे ८.२ किंवा त्यानंतरची आवृत्ती हवी. सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर ७.४ आहे, तिथे फिडो चालणार नाही, पिव्ह चालेल. अर्थात सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ लाच संपली आहे, त्यामुळे ते यंत्र बदलणे हेच आधीचे काम आहे.

सरकी-रुई, धरणगाव

मी तंत्रज्ञ नाही, जिनिंग चालवतो. ताईंचे लिहिणे वाचून आमच्याच कार्यालयाचे चित्र डोळ्यांपुढे आले, म्हणून लिहीत आहे.

पिन आणि डोंगल मुनीमजींकडे ठेवण्यामागे आमचा आळस नाही. हंगामात कापसाच्या गाड्या रात्रभर येतात, वजनकाट्याचा संगणक अडला तर पन्नास शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रांगेत थांबतात, आणि त्या वेळी मालक गावाला गेलेला असेल तर काम थांबून चालत नाही. त्यामुळे 'कार्ड एकाचेच, पिन एकालाच ठाऊक' हे तत्त्व मला पटते, पण तो एकजण तापाने फणफणला असेल त्या रात्री काय करायचे, हे सांगितल्याशिवाय माझ्यासारखा मालक ते स्वीकारणार नाही.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. रुईचे तंतू यूएसबीच्या खाचेत जाऊन बसतात. आमच्याकडचा कार्ड खुपसायचा रीडर दोन महिन्यांत निकामी झाला होता.

तापीकाठ, जळगाव

शेठजी, आपण नेमक्या जागी बोट ठेवलेत. रीडरची अडचण सुटेल, कारण टोकन आपल्या जिनिंगमध्ये राहणारच नाही. सही करायची चिप आमच्या हातात, आमच्या लॅपटॉपला लागलेली असते आणि आपल्या यंत्रावर फक्त सार्वजनिक किल्लीची एक ओळ असते. ती ओळ कोणी वाचली तरी काही बिघडत नाही.

आजारपणाचे उत्तर मला पतसंस्थेच्या तिजोरीकडे पाहून सुचले. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक व्यवस्थापकाकडे आणि एक रोखपालाकडे. व्यवस्थापक रजेवर गेला तर तो आपली किल्ली रोखपालाला देऊन जात नाही. नोंदवहीत सही घेऊन ती तिसऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात देतो. तसेच येथे करता येईल. आम्ही तिघे आहोत, तर तिघांची तीन टोकने, तीन पिन, आणि प्रत्येक यंत्रावर तिघांच्या सार्वजनिक किल्ल्या. एक आजारी पडला तर दुसरा स्वतःच्या टोकनने आत शिरेल. पिन सांगण्याची वेळ तेव्हाच येते, जेव्हा तिघांत एकच कार्ड असते. शिवाय किल्ल्या वेगळ्या असल्यामुळे कोणत्या किल्लीने कोण आत आले हे सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) त्या किल्लीच्या ठशासह, म्हणजे तिला ओळखण्याच्या छोट्या अक्षरमालेसह, उमटते. एकच कार्ड तिघांनी वापरले तर ती नोंद निरर्थक होते.

पाटणा रोड, चाळीसगाव

एक शंका आहे. कार्ड वापरल्यामुळे एन्क्रिप्शन अधिक मजबूत होते का? आमच्या संचालकांना मी तसे सांगून बसलो आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा

नाही दादा, आणि हा गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. एसएसएचची जोडणी होते तेव्हा दोन्ही टोके प्रथम आपसांत एक ताजी गुप्त संख्या ठरवतात. ती ठरवण्याची रीत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. आता तिचे वक्ररेषेवरचे रूप वापरतात, आणि एप्रिल २०२२ च्या ९.० आवृत्तीपासून ओपनएसएसएच त्याच्या जोडीला क्वांटम संगणकासमोर टिकावी अशी आणखी एक रीतही आपणहून लावते. या ताज्या संख्येतूनच सगळी जोडणी कूटबद्ध होते आणि जोडणी संपल्यावर ती संख्या टाकून दिली जाते. कार्डाचे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते केवळ 'मी तोच' हे सिद्ध करण्याचे असते. म्हणूनच उद्या कार्ड चोरीला गेले तरी काल कोणी तारेवरून टिपून ठेवलेली जोडणी त्या कार्डाने उलगडता येत नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे कार्ड सांगत नाही. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून 'पुढे जाऊ का' असे विचारले जाते आणि आपण सगळे न वाचता 'येस' लिहितो. मधे कोणी बसलेला असेल तर आपल्या कार्डाची सही तो खऱ्या सर्व्हरकडे पुढे ढकलू शकत नाही, कारण ती सही त्या एका जोडणीलाच बांधलेली असते. पण तो स्वतःच सर्व्हर असल्याचे सोंग करून आपण टाइप केलेला सुडोचा (प्रशासकाचा अधिकार घेण्याच्या आज्ञेचा) पासवर्ड नक्कीच टिपू शकतो. म्हणून यंत्र बसवायला जाल तेव्हाच त्याचा ठसा वहीत उतरवून आणा आणि पहिल्या जोडणीच्या वेळी तो अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

भुसावळ यार्ड

विंडोजबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. तीस वर्षे दूरसंचाराच्या कामात घालवली आहेत, आता मुलाच्या व्यवसायाचे संगणक पाहतो.

विंडोजमध्ये स्मार्टकार्डने लॉगिन करण्याची उत्तम सोय फार वर्षांपासून आहे, पण ती डोमेनसाठी, म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यातल्या संगणकांच्या गटासाठी, आहे. डोमेन कंट्रोलर असेल, प्रमाणपत्रे देणारा सर्व्हर असेल, तर केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या प्रोटोकॉलमधून कार्डाची सही तपासली जाते आणि रिमोट डेस्कटॉपलाही (दूरच्या यंत्राचा पडदा आपल्याकडे उघडण्यालाही) तेच कार्ड चालते. आपल्याकडच्या शाखेत एक संगणक, एक प्रिंटर आणि एक राउटर असतो; तेथे डोमेन नसते, आणि यंत्रातल्या स्थानिक खात्याला ही सोय मिळत नाही. मग लोक काय करतात, तर राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट थेट इंटरनेटकडे उघडतात. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची जी त्रुटी जाहीर झाली, तिच्यात पासवर्ड ठाऊक नसतानाही याच वाटेने जुन्या विंडोज यंत्रात शिरता येत होते. माझी हात जोडून विनंती आहे की तो पोर्ट आजच बंद करा.

त्याऐवजी विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ओपनएसएसएचचा सर्व्हर वैकल्पिक घटक म्हणून मिळतो, तो बसवा. आपल्या टोकनने एसएसएचमध्ये शिरा आणि त्या कूटबद्ध बोगद्यातून रिमोट डेस्कटॉप चालवा. एका ठिकाणी माझे दोन दिवस गेले, ते सांगतो. प्रशासक गटातल्या खात्याची सार्वजनिक किल्ली त्या खात्याच्या फोल्डरमध्ये ठेवून उपयोग होत नाही. ती प्रोग्रॅमडेटामधल्या एसएसएच फोल्डरात 'ॲडमिनिस्ट्रेटर्स_ऑथराइज्ड_कीज' या फाइलमध्ये ठेवावी लागते, आणि त्या फाइलवर प्रशासक व सिस्टिम यांच्याखेरीज कोणाचाही अधिकार राहिला तर ती मानली जात नाही.

दुसरी अडचण जोडणीची. तालुक्यात सिमकार्डाच्या राउटरवर चालणाऱ्या यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, शेकडो ग्राहक एका पत्त्याआड असतात, त्यामुळे बाहेरून त्याला हाक मारता येत नाही. आम्ही भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला आणि सर्व यंत्रे वायरगार्ड या व्हीपीएनने (कूटबद्ध खासगी जाळ्याने) त्याला आतून बाहेर जोडून घेतली. दर २५ सेकंदांनी एक लहानसे पाकीट पाठवण्याची सूचना दिली की वाट उघडी राहते. वायरगार्डची किल्ली मात्र फाइलमध्येच राहते, ती बहुतेक टोकनांत घालता येत नाही. मी तिच्याकडे आवाराचे फाटक म्हणून पाहतो. फाटकातून आत आलेल्याला घराचे दार टोकननेच उघडावे लागले पाहिजे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा

भुसावळच्या नानांनी भाड्याच्या सर्व्हरचे लिहिले आहे त्याला माझी एक जोड. मधल्या सर्व्हरवरून पुढे जाताना बरेच जण एजंट (किल्लीकडून सह्या करून घेणारा लॅपटॉपवरचा मदतनीस प्रोग्रॅम) पुढे पाठवण्याची सोय वापरतात. तसे केले की मधल्या सर्व्हरवर ज्याच्याकडे रूटचा, म्हणजे सर्वोच्च, अधिकार आहे, तो आपली जोडणी सुरू असेपर्यंत आपल्या कार्डाकडून सह्या करून घेऊ शकतो. किल्ली बाहेर जात नाही, पण तिचा वापर होतो. २०१६ च्या ७.३ आवृत्तीपासून 'प्रॉक्सीजंप' आहे, त्यात मधला सर्व्हर केवळ कूटबद्ध पाकिटे पुढे सरकवतो. तोच वापरावा.

हीच गोष्ट आपल्या स्वतःच्या लॅपटॉपलाही लागू आहे. टोकन दिवसभर लावून ठेवले आणि पिन एकदाच दिला, तर लॅपटॉपमध्ये शिरलेला घातक प्रोग्रॅम आपल्या नकळत सह्या मागू शकतो. बोट लावण्याची अट असलेले टोकन घ्या असे मी म्हणते ते याचसाठी, आणि काम झाले की टोकन काढून खिशात ठेवा.

बोरीकाठ, अमळनेर

डोंगलचा विचार मी सोडून दिला आहे. आता टोकन हरवण्याविषयी विचारतो. किल्ली चिपमधून बाहेर काढता येत नसेल तर तिचा बॅकअप कसा घ्यायचा? एके ठिकाणी वाचले की किल्ली लॅपटॉपवर बनवून दोन टोकनांत तीच भरावी, म्हणजे एक हरवले तरी दुसरे तयार.

तापीकाठ, जळगाव

याबाबत आमच्या तिघांतच मतभेद झाला. एक सहकारी आपण वाचलेल्या मताचा होता. माझे मत असे की किल्ली एकदा लॅपटॉपवर जन्मली की ती आणखी कोठे राहिली नाही हे शपथेवर सांगता येत नाही, आणि एक टोकन हरवले तर दोन्ही रद्द करावी लागतात, कारण किल्ली एकच. त्यापेक्षा प्रत्येकाची दोन टोकने, दोहोंत वेगळ्या किल्ल्या चिपमध्येच बनवलेल्या, आणि सर्व्हरवर दोन्हींच्या ओळी. हरवलेल्याची ओळ पुसली की दुसरे चालू राहते. खर्च दुप्पट होतो हे मान्य आहे.

भुसावळ यार्ड

मी तापीकाठांच्या बाजूने आहे, पण चिपमध्ये जन्मलेली किल्ली निर्दोषच असते असेही समजू नये. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रनो येथील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की इन्फिनिऑनच्या चिपमधली लायब्ररी आरएसए किल्ल्या बनवताना मूळ संख्या ठरावीक साच्यातून निवडत होती, त्यामुळे केवळ सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढणे शक्य झाले होते. एस्टोनियाच्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांवर त्याचा परिणाम झाला आणि त्या सरकारला प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. म्हणून जुने, कोणी वापरून विकलेले टोकन घेऊ नका. अनेक टोकनांतला प्रोग्रॅम नंतर बदलता येत नाही, त्यामुळे दोष सापडला तर टोकनच बदलावे लागते.

पाटणा रोड, चाळीसगाव

एक टोकन घेऊन प्रयोग केला. पिव्हचा पिन पेटीतून निघाला तेव्हा १२३४५६ होता आणि अडलेला पिन उघडण्याचा पुक १२३४५६७८. हे दोन्ही आणि व्यवस्थापनाची किल्ली पहिल्याच दिवशी बदला, हे कोणीतरी स्पष्ट लिहायला हवे होते. पिन तीन वेळा चुकला की टोकन अडते आणि पुकही चुकत गेला तर आतल्या किल्ल्या पुसून नव्याने सुरुवात करावी लागते.

तापीकाठ, जळगाव

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. चौदापैकी तेरा यंत्रे टोकनवर आली आहेत. चौदावे यंत्र जुन्या प्रणालीचे आहे, ते बदलेपर्यंत केवळ वायरगार्डच्या आतूनच त्याच्याशी जोडता येते.

सर्वांत जास्त काळजी आम्ही पासवर्डचा आणि जुन्या किल्ल्यांचा मार्ग बंद करताना घेतली. प्रत्येक यंत्रावर एक जोडणी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून टोकनने आत येता येते हे पाहिले, मग 'एसएसएचडी -टी' या आज्ञेने बदललेली फाइल निर्दोष आहे का ते तपासले, आणि त्यानंतरच सेवा नव्याने सुरू केली. सावद्याच्या शीतगृहात तरीही एक चूक झाली. तिथल्या प्रणालीत मुख्य फाइलशिवाय एका उपफोल्डरमधली फाइलही वाचली जात होती आणि तीत पासवर्डला परवानगी तशीच राहिली होती. बाहेरून मुद्दाम पासवर्डने जोडून पाहिले म्हणून ते लक्षात आले. त्या यंत्रावर पिकवणीच्या खोल्यांचे तापमान ठरते. ते १६ ते १८ अंश ठेवायचे असते, १३ च्या खाली गेले की केळीची साल काळवंडते आणि खोलीभर माल वाया जातो. तेथे कोणी परका शिरला असता तर नुकसान त्या शेतकऱ्यांचे झाले असते, म्हणून ते यंत्र मी दोनदा तपासले.

दुसरी टोकने आम्ही लखोट्यात घालून, जोडावर सह्या करून, एका पतसंस्थेच्या तिजोरीत ठेवली आहेत. त्यांचे पिन तिजोरीत नाहीत. संस्थेच्या सचिवांनी आपुलकीने सुचवले की लखोट्यावरच पिन लिहून ठेवा, विसरायला नको. मी त्यांना त्यांच्याच तिजोरीच्या दोन किल्ल्यांची आठवण करून दिली आणि त्यांनी लगेच मान्य केले. धरणगावच्या शेठजींच्या जिनिंगचे काम गेल्या रविवारी निघाले तेव्हा तर माझा सहकारी खरोखरच तापाने झोपला होता. वजनकाट्याचे काम तिसऱ्याने स्वतःच्या टोकनने केले आणि लॉगमध्ये त्याच्याच किल्लीचा ठसा आहे.

सरकी-रुई, धरणगाव

होय, रात्री दोन वाजता काम झाले आणि रांग अर्ध्या तासात सुटली. मी समाधानी आहे. चोरीला गेलेल्या किल्लीने मधल्या काळात कोणी आत आले होते का, हे मात्र आपण लिहिलेले नाही.

तापीकाठ, जळगाव

शेठजी, तेच लिहायचे राहिले होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि आम्ही ते ठेवत होतो. तेरा यंत्रांच्या लॉगमध्ये चोरीच्या वेळेनंतर त्या किल्लीचा ठसा कोठेही नाही.

पारोळ्याच्या यंत्राविषयी मी अजून तसे म्हणू शकत नाही. त्याच्या मदरबोर्डवरचा सेल संपला आहे, त्यामुळे वीज गेली की घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि इंटरनेट जुळेपर्यंतच्या नोंदी चुकीच्या तारखेखाली पडतात. त्याच निर्देशांत घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितले आहे, आणि ते का सांगितले आहे हे मला आता कळते आहे. रखवालदार आप्पा वीज गेल्या-आल्याची वेळ वहीत लिहितात. त्या वहीशी प्रत्येक वेळी यंत्र सुरू झाल्याची नोंद ताडून मी त्या रात्रीचा क्रम लावतो आहे. पावणेपाचला यंत्र सुरू झाल्यापासून मी ओळ पुसेपर्यंतचा तेवढा वेळ अजून तपासायचा राहिला आहे. उद्या नवा सेल घेऊन मी स्वतः पारोळ्याला जात आहे.